हरलेल्याच्या हातचा खडू

गड्ड्याची जत्रा उठली, की सोलापूरकराला दोनच कामं उरतात. जत्रेतल्या भज्यांनी बिघडलेलं पोट सांभाळायचं आणि डार्ट्सच्या मैदानाची वाट बघायची. मैदान म्हटलं की बाहेरगावचा माणूस हसतो. सात रस्त्याजवळचं एक मंगल कार्यालय, भिंतीवर परातीएवढा गोल बोर्ड, आणि रेघेमागून त्याच्यावर बोटाएवढे बाण फेकणारी माणसं. ह्याला स्पर्धा म्हणा, टूर्नामेंट म्हणा. मैदान कसलं? पण सोलापुरात त्याला मैदानच म्हणतात, आणि त्याचं सगळं पाप, नाहीतर पुण्य, महिपतीच्या माथी आहे.

खेळ आणला सिद्धरामआप्पा बंडगरांनी. आप्पा फौजेतले. पलटणीच्या मेसमध्ये संध्याकाळी बाण फेकायचा नाद लागला तो लागलाच. सुटून आले तेव्हा सोबत्यांनी निरोपाला घड्याळ द्यायचं सोडून मेसमधला जुना बोर्डच बांधून दिला. आप्पांनी सोलापुरात एका बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभं राहायची नोकरी धरली, जुळे सोलापूर भागात घर केलं आणि मागच्या गॅलरीत बोर्ड टांगला. सकाळी चहाच्या आधी बाण. पूजा एखाद्या दिवशी चुकायची, बाण नाही. मग एका साली त्यांच्या मनानं घेतलं की पुण्याचे व्यावसायिक खेळाडू इथं बोलवावेत, लोकांना खेळ दाखवावा. त्यांनी ओळखीनं चार-पाच जणांना बोलावलं आणि बाकीची सगळी व्यवस्था आपल्या जिवलग दोस्तावर, महिपतीवर, सोपवली.

चूक झाली ती इथं. महिपती मंगळवेढ्याचा, ज्वारी पिकवणारा, आणि कुस्तीचा पक्का वेडा. त्याला स्पर्धा म्हणजे काय, तर कुस्त्यांचं मैदान. दुसरं काही असू शकतं हे त्याच्या स्वप्नातही आलं नाही. त्यानं दारात हलगी लावली, फेटे बांधणारा बसवला, आणि पुण्याहून आलेल्या त्या इस्त्रीच्या शर्टवाल्या माणसांना कार्यालयाच्या मधोमध ओळीनं उभं केलं. मग माइक हातात घेऊन आरोळी ठोकली, "ह्ये बगा पैलवान! ज्याच्या मनगटात जोर आसंल त्यानं म्होरं यावं आन जोड मागावी!"

पुण्याच्या पाहुण्यांची तोंडं त्या वेळी बघण्यासारखी झाली असणार. आपण आपापसात खेळू, लोक टाळ्या वाजवतील, एवढ्या बेतानं ते आले होते. इथं एक पानवाला, एक एसटीचा कंडक्टर आणि एक निवृत्त हेडमास्तर बाह्या सरसावून पुढं आले. कंडक्टरचा पहिलाच बाण ट्यूबलाइटला लागला. पण गंमत अशी झाली, की दुपारपर्यंत पाहुणेच खुळावले. एवढी माणसं, एवढा आरडाओरडा, आणि हलगी मात्र खेळाडू रेघेवर आला की गप्प. पुढच्या साली ते आपणहून आले, येताना मित्र घेऊन आले. आता गोव्याचे येतात, कोलकात्याचे येतात, आणि तरी ती रीत मोडलेली नाही. व्यावसायिकानं मधे उभं राहायचं, गर्दीतल्या कुणीही हौशी माणसानं पुढं होऊन जोड मागायची, आणि व्यावसायिकानं नाही म्हणायचं नाही.

दुसरी रीत आप्पांनी पलटणीच्या मेसमधून आणली होती. हरलेल्यानं घरी जायचं नाही. जिंकणारा आपल्या हातानं त्याच्या हातात खडू देतो, आणि जिंकणाऱ्याचा पुढचा सामना फळ्यावर त्यानंच लिहायचा. पाचशे एकपासून सुरुवात, मिळतील तेवढे गुण वजा करत यायचं, आणि शेवटचा बाण बाहेरच्या डबलच्या, म्हणजे दुप्पट गुणांच्या, पट्टीत मारून बरोबर शून्य करायचा. हे सगळं मांडायचं काम हरलेल्याचं.

आणि ह्याच खडूवरून पहिल्या साली धुळाप्पा सरगर पळून चालले होते.

धुळाप्पा सांगोल्याकडचे धनगर, गड्ड्याच्या जत्रेत घोंगड्या विकायला आलेले. हलगी ऐकून कुस्ती बघायला म्हणून आत शिरले. कुस्ती दिसेना, पण आलोच आहोत तर मागू जोड, म्हणून थेट पुण्याच्या सगळ्यात नावाजलेल्या खेळाडूपुढं जाऊन उभे राहिले. आधी त्यांनी बोर्डाला नख लावून बघितलं आणि मोठ्यांदा हसले. "आरं, ह्यो तर घायपाताचा वाख! आमच्या बांधावरला!" बाण ओढून काढला की भोक आपोआप मिटतं हे बघून तर त्यांना फारच कौतुक वाटलं. मग ते सपाटून हरले. खेळाडूनं हसत खडू पुढं केला, तसा धुळाप्पांचा चेहरा उतरला. जरा पाणी पिऊन येतो म्हणाले, आणि गेले.

आप्पांनी त्यांना फाटकाशी गाठलं. काठी काखेत मारून धुळाप्पा पायताण चढवत होते.

"पाव्हणं, कुटं निगाला?"

"मला लिवाया येत न्हाय, बाबा. चार मान्सांत शोभा नगं."

"मोजाया येतंय न्हवं?"

"मेंढरं काय तू मोजतूस व्हय माजी?"

"मग तुमी सांगा, मी लिवतो. चला. हरलेला मानूस हितं लई कामाचा आसतोय. त्यो न्हाय तर खेळच म्होरं जात न्हाय."

धुळाप्पा आले. फळ्याजवळ दोघं उभे राहिले, एक सांगणारा आणि एक लिहिणारा. धुळाप्पांची मोजणी मेंढरांची, म्हणजे विसाविसांची. आणि बोर्डावरचे आकडेही नेमके वीसपर्यंतच. विसाच्या तिप्पट पट्टीत बाण बसला, की धुळाप्पा ओरडायचे, "तीन विसा!" तिन्ही बाण तिथंच बसले, तर "नऊ विसा!" संध्याकाळपर्यंत सगळं कार्यालय त्यांच्याबरोबर ओरडायला लागलं. जगात सगळीकडे म्हणे एकशेऐंशीचा पुकारा इंग्रजीत होतो. सोलापुरात तो आजही "नऊ विसा" असाच होतो, आणि कोलकात्याच्या माणसालाही तो कळतो. "ह्यो खेळ धनगरानंच काडलाय," असं धुळाप्पा मरेपर्यंत सांगायचे, आणि त्यांच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

दर साली धुळाप्पा यायचे, दर साली पहिल्याच फेरीत हरायचे, आणि मग खुशीत फळ्याजवळ जाऊन उभे राहायचे. एकच गोष्ट त्यांच्या मनात राहून गेली. त्यांना आप्पांशी खेळायचं होतं. आप्पा म्हणायचे, "मी घरचा मानूस. घरचा मानूस पंगतीला शेवटी बसतोय." घरचा माणूस शेवटपर्यंत बसलाच नाही, आणि मागल्या साली धुळाप्पा गेले.

आता आप्पांच्या गुडघ्याविषयी बोलायला हवं.

उन्हाळ्यात आप्पांना एका सकाळी बोर्डाच्या मधोमध डाग दिसला. पुसला, जाईना. मग लक्षात आलं, की डाग बोर्डावर नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं तर काटे गायब, कडेचे आकडे दिसतात. सुकन्येकडे बघितलं तर तिचे कान दिसतात, तोंड नाही. सुकन्या त्यांची मुलगी, शाळेत शिकवते, बापाजवळच राहते. डॉक्टरांनी सांगितलं, की डोळ्यातल्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, आहे तेवढं टिकवायचं, गेलेलं परत येणार नाही. आंधळे होणार नाही तुम्ही, म्हणाले, पण जिथं रोखून बघाल तिथंच दिसणार नाही. आता बाण फेकणाऱ्या माणसाला ह्याहून वाईट काय सांगायचं राहिलं?

आप्पांनी सुकन्येकडून वचन घेतलं, की बाहेर एक शब्द काढायचा नाही. भीती आंधळेपणाची नव्हतीच. भीती खुर्चीची होती. त्यांनी बघितलं होतं, माणूस निकामी झाला की लोक त्याला शाल-नारळ देतात, त्याच्याबद्दल गोड बोलतात, आणि मग पाहुण्यांच्या ओळीत एका खुर्चीवर नेऊन ठेवतात. त्या खुर्चीवरून कुणी परत उठलेलं आप्पांनी पाहिलं नव्हतं. मैदानात वादाचा बाण आला तर निकाल आप्पा देत, नवख्याला खडू धरायला आप्पा शिकवत, रुसलेल्याला आप्पा समजावत. बायको गेल्यावर, नोकरी सुटल्यावर, वर्षातला हा एक दिवस होता ज्यासाठी उरलेलं वर्ष सरायचं. तोच गेला, तर मग काय, नुसती खुर्ची.

म्हणून आप्पांनी गुडघा काढला. तयारीच्या बैठकीत लंगडत गेले. "गुडघ्यानं लई छळलंय, मला फळ्याजवळ उभं ऱ्हावत न्हाय. औंदा निकाल दुसऱ्या कुनीतरी द्यावा. मी आपला हिंडता-फिरता." सगळे हळहळले. आप्पांना वाटलं, जमलं. पण फौजी माणसाला खोटं बोलायची सवय नसते, आणि सवय नसली की त्यातली शिस्त सांभाळता येत नाही. एका बैठकीला ते डाव्या पायानं लंगडायचे, दुसऱ्या बैठकीला उजव्या. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

मैदानाचा दिवस उजाडला. कार्यालय गच्च भरलं. मागच्या बाजूला कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि हुरड्याची पातेली मांडली होती. महिपतीनं म्हातारपणीही माइक सोडला नव्हता. हलगी कडाडली आणि व्यावसायिक मधोमध येऊन उभे राहिले. त्यांत सगळ्यात वरचढ मल्हार सरगर, धुळाप्पांचा नातू. मेंढरांच्या वाड्यावर घायपाताच्या पेंडीत बाण मारून शिकलेला हा पोरगा आता परदेशात खेळून येतो, पुण्यात राहतो. त्याच्याशी जोड मागायला दरवर्षी झुंबड उडते.

माणसं पुढं सरकली, तसा मल्हारनं हात वर केला. महिपतीकडून माइक घेतला. "मंडळी, माफी करा. आजवर हौशी मानसानं जोड मागायची अशी रीत हाय. औंदा मला मागायची हाय." असं कधी घडलं नव्हतं. "माज्या आज्जाला सिद्धरामआप्पांसंगं खेळायचं हुतं. त्ये ऱ्हायलं. त्याच्या जागी मी मागतो. आप्पा, या की."

आप्पांना मल्हारचे खांदे दिसत होते, फेट्याचा शेमला दिसत होता. तोंडाच्या जागी तेवढा राखाडी डाग. धुळाप्पांचं नाव घेऊन मागितलेली जोड, नाही कशी म्हणायची? आणि व्हय म्हटलं तर हरणार, हे सूर्य उगवण्याइतकं ठरलेलं. हरलं की खडू. खडू घेतला की बोर्ड वाचायचा, चारशे माणसांदेखत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. तोवर लोकांनी टाळ्यांनी छत डोक्यावर घेतलं, आणि आप्पा आपसूक पुढं झाले. लंगडायचं मात्र विसरले नाहीत. डावा.

आधी मल्हारनं फेकले. सात विसा. आप्पा रेघेवर उभे राहिले. बोर्डाची कडा दिसत होती, मधे काही नव्हतं. हाताच्या सवयीनं तीन बाण सोडले. "दोन विसा नि पाच!" पुकारा आला, आणि आप्पांना वाटलं, वाईट नाही. मल्हारनं पाच विसा घेतले. आप्पांच्या दुसऱ्या खेपेला एक बाण विसात, आणि दोन शेजारच्या घरांत, पाच आणि एक. एकूण सव्वीस, ज्याला ह्या खेळात कुणी विचारत नाही असा आकडा. मग मल्हारचे नऊ विसा, आणि कार्यालय दणाणलं.

आप्पांच्या मनात काय आलं कोण जाणे. डाग बघून बघून ते वैतागले होते. त्यांनी सरळ डोळे मिटले. गॅलरी आठवली, सकाळ आठवली, चहाचं आधण आठवलं. एक, दोन, तीन. आणि मग आरोळी, "पाच विसा!" एक तिप्पट आणि दोन साधे, तिन्ही विसाच्या घरात. माणसं बाकांवर उभी राहिली. मल्हारनं टाळ्या वाजवल्या, मग रेघेवर आला आणि दोन बाणांत डाव संपवला. त्यानं एकही बाण दयेनं टाकला नाही, एकही मुद्दाम चुकवला नाही, आणि आप्पांना त्याचं फार बरं वाटलं. म्हाताऱ्याला खोटं जिंकवणं म्हणजे त्याला उभ्याउभ्या खुर्चीत बसवणंच की.

मल्हारनं दोन्ही हातांनी खडू दिला. "माजा म्होरला डाव जेवनानंतर हाय, आप्पा."

जेवणाची पंगत बसली आणि आप्पा हळूच बाहेर पडले. फाटकाशी रिक्षा उभी होती. घरी जायचं, उद्या निरोप धाडायचा, की गुडघा फारच दुखायला लागला. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांनी आत एक पाय ठेवला. "कुटं सोडू, चाचा?" रिक्षावाल्यानं विचारलं. जुळे सोलापूर म्हणायला आप्पांनी तोंड उघडलं, आणि दांडी धरायला गेलेल्या हाताकडे कडेच्या नजरेनं बघितलं. बोटं पांढरी झाली होती. खडू मुठीतच होता.

हेच ते फाटक. इथंच धुळाप्पा पायताण चढवत होते. तेव्हा सिद्धराम बंडगर नावाचा एक जवान माणूस त्यांना म्हणाला होता, की हरलेला माणूस इथं लई कामाचा असतो. बोलायला काय जातं? उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण धुळाप्पांनी ते खरं मानलं होतं, मागं फिरले होते, आणि चार माणसांत उभे राहिले होते. आपल्या शब्दावर एक परका माणूस एवढं धाडस करून गेला, आणि तो शब्द आपल्यालाच पेलू नये? आप्पांना स्वतःचीच लाज वाटली. आणि धुळाप्पांची इतकी आठवण आली, की रिक्षाची दांडी धरून ते तसेच थांबले.

"चाचा?"

"ऱ्हाऊ दे बाबा. माजं आत काम हाय."

जेवणानंतरची हलगी वाजली. मल्हारची जोड विजयपूरच्या गुरुबसप्पाशी लागली होती. तोही व्यावसायिक, आडदांड, कानडी बोलणारा, हसरा. आप्पा फळ्याजवळ जाऊन उभे राहिले. मल्हारनं तीन बाण सोडले. ठक, ठक, ठक. आवाजावरून आप्पांना एवढं कळलं, की तिन्ही बोर्डात आहेत, घरांमधल्या तारेवर नाहीत. बोर्डाकडे वळले, अगदी जवळ गेले. बाणांची शेपटं कडेला हलत होती. टोकं कुठं रुतलीत ते देवाला ठाऊक.

आप्पांनी मान वळवली. आवाज फौजेतला निघाला. "मंडळी, मला बोर्ड दिसत न्हाय. उन्हाळ्यापास्नं दिसत न्हाय. गुडघ्याचं खोटं हुतं."

आप्पांना वाटलं, आता शाल येणार. तेवढ्यात मागून, हुरड्याच्या पातेल्याकडून कुणीतरी ओरडलं, "ठावं हाय की, आप्पा!"

माणसं हसली. वाईट हसू नव्हतं ते. महिपती माइकवर आला. "सिद्धा, तुला काय वाटलं, आमी समदी खुळी हाय व्हय? पैल्या बैठकीला डावा गुडघा, दुसऱ्याला उजवा! म्या तर म्हनलं, तिसऱ्याला आता कंचा काडतोय बगू! आन मानसाशी बोलताना तोंड सोडून कानाकडं बगतूस, त्ये कळत न्हाय व्हय आमाला?" मग त्याचा आवाज जरा खाली आला. "तू सांगशील म्हनून थांबलो हुतो, मैतरा. सांगंनास. मग ह्या पोरानं जोड मागितली."

आप्पांनी सुकन्येला शोधलं. दुसऱ्या ओळीत तिच्या हिरव्या साडीचा काठ दिसला. तिनं वचन मोडलं नव्हतं. मोडायची गरजच पडली नव्हती. एवढी माणसं महिनोन्महिने त्यांच्या लंगडण्याकडे गंभीर चेहऱ्यानं बघत राहिली, कुणी तेल सुचवलं, कुणी लेप सुचवला, आणि एकानंही त्यांची शोभा होऊ दिली नाही. आप्पांना वाटायचं, धुळाप्पांना फाटकावरून आणलं ते कुणालाच कळलं नव्हतं. तेही सगळ्यांना कळलं असणार. माणसं बघतात, आणि बघितलं नाही असं दाखवतात. ही केवढी मोठी माया आहे, हे आप्पांना आयुष्यात इतक्या उशिरा कळलं.

"आप्पा," रेघेवरून मल्हार म्हणाला, "तुमी लिवा. आमी सांगतो."

आणि तो ओरडला. धुळाप्पांच्याच वळणाचा, माळावर मेंढरं हाकणारा आवाज. "चार विसा नि एक!"

पंचवीस विसा नि एकातून चार विसा नि एक गेले. आप्पांना विचार करावा लागला नाही. एकवीस विसा. त्यांनी फळ्याची कडा चाचपली आणि ठसठशीत आकडा काढला, चारशेवीस. दरवर्षी ह्या आकड्याला कार्यालय हसतं तसं हसलं. मग गुरुबसप्पानं बाण टाकले आणि स्वतःच ओरडला, "अरवत्तु!" आप्पांची सासुरवाडी अक्कलकोटकडची, कानडी त्यांना घरच्यासारखी. साठ. त्यांनी वळूनही बघितलं नाही, लिहून मोकळे झाले. तिसऱ्या खेपेपासून सगळं कार्यालयच पुकारा करायला लागलं. पानवाला, कंडक्टर, शाळेतल्या बाया, भाकरी वाढणारे. चारशे जोडी डोळे आणि एक खडू. डोळ्यांत पाणी येत होतं ते पुसायला आप्पांना सवड नव्हती, आणि पुसून तरी काय निराळं दिसणार होतं?

डाव अटीतटीचा झाला. मल्हारला शेवटचा डबल हवा होता. बाण तारेवर आपटून खाली पडला. पुढच्या खेपेला गुरुबसप्पानं आपला डबल मारला आणि दोन्ही हात वर केले. मल्हार मुद्दाम हरला असं आता काही लोक सांगतात. त्यांनी त्या वेळी मल्हारचं तोंड बघायला हवं होतं. स्वतःच्या हातावर असा चिडला होता, की पाण्याचा पेला घेताना अर्धा सांडला.

गुरुबसप्पा फळ्याजवळ आला. रीत अशी, की खडू जिंकणाऱ्यानं द्यायचा. त्यानं आप्पांच्या हातातून खडू घेतला, कपाळाला लावला आणि मल्हारपुढं धरला. आप्पा बाजूला सरकले. त्यांचं काम झालं होतं. चांगलं झालं होतं. आता खुर्ची आली तरी चालेल असं त्यांनी मनाशी म्हटलं, आणि ते खरंही होतं.

मल्हारनं खडू घेतला, आप्पांच्या मुठीत परत ठेवला, आणि फळ्याच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिला. धुळाप्पा उभे राहायचे तिथं.

"मला हिशेब पटपट जमत न्हाय, आप्पा," देशातला पहिल्या नंबरचा खेळाडू धडधडीत खोटं बोलला. "मी सांगतो. तुमी लिवा."

आप्पांनी त्याच्या दंडाला हात लावला. दंड ओळखीचा वाटला. "सरक जरा तिकडं," एवढंच ते म्हणाले. "तुजा आज्जा फळा आडवून उभा ऱ्हायचा न्हाय."

पुढच्या हरलेल्यांनीही खडू मागितला नाही, आणि अंतिम सामन्यापर्यंत दोघं तिथंच होते. जिंकणाऱ्याला फेटा बांधला गेला, महिपतीचा आवाज पार बसला, हलगीवाल्यानं हलगी पिशवीत घातली. शाल कुणीच काढली नाही.

ऊन उतरल्यावर सुकन्येनं गाडी फाटकाशी आणली. आप्पा मल्हारशी बोलत बोलत ताठ चालत आले आणि मागं बसले.

"आप्पा," तिनं आरशातून बघत विचारलं, "गुडघा दुखतोय का?"

"कंचा?" आप्पा म्हणाले.

सुकन्या इतकी हसली, की गाडी चालू करायला तिला दोनदा बटण दाबावं लागलं. सात रस्त्याच्या गर्दीतून गाडी निघाली. सिग्नलला थांबल्यावर आप्पांनी तिच्या खांद्यावर टिचकी मारली. बोटांचा खडू तिच्या हिरव्या पदराला लागला.

"महिपतीला सांग," ते म्हणाले, "म्होरल्या साली फळा जरा मोठा आना म्हनावं. दोगं मावत न्हाय."